ऊर्जा वायद्यांचे नवे एक्स्चेंज: वडोदऱ्यातून अर्ज करताना नियामक कसा ठरवावा, पात्रता आणि कागदपत्रे

वीज किंवा गॅसच्या भावावर सौदे चालवणारे एक्स्चेंज काढायचे असेल, तर कंपनी नोंदवण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर लेखी काढून ठेवावे. सौद्याची मुदत संपली की खरेदीदाराच्या हाती काय येणार: वीज, की भावातला फरक? नियामक कोण, भांडवल किती, भागभांडवल कोणाकडे किती असू शकते आणि अपील कुठे करायचे, हे सगळे त्या उत्तरावर ठरते. बरेच जण आधी 'कोणाचे नियम सोपे' हे शोधतात आणि सौद्याचा आराखडा त्यात बसवू पाहतात. असा अर्ज पहिल्या छाननीतच अडकतो.

वडोदऱ्यात आणखी एक गैरसमज आढळतो. जीयूव्हीएनएल, जेटको, जीएसईसीएल आणि एमजीव्हीसीएल या सरकारी वीज कंपन्यांची मुख्यालये इथेच आहेत, राज्याचे लोड डिस्पॅच सेंटर (वीजप्रवाहाचे नियंत्रण केंद्र) गोत्रीत आहे. त्यामुळे परवानगीही राज्यातच मिळेल असे वाटते. पण गुजरात विद्युत नियामक आयोग राज्यांतर्गत वीजव्यापाराचा परवाना देतो, एक्स्चेंजचा नाही. पॉवर एक्स्चेंजची नोंदणी दिल्लीतील केंद्रीय विद्युत नियामक आयोग करतो, तर डेरिव्हेटिव्ह्जच्या, म्हणजे भावावर बेतलेल्या वायद्यांसारख्या सौद्यांच्या, एक्स्चेंजला मान्यता देते मुंबईतील सेबी, म्हणजे रोखे बाजाराचा नियामक.

या दोघांमधली हद्द बरीच वर्षे वादात होती. ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये समिती नेमली आणि तिच्या शिफारशींवर दोन्ही नियामकांचे एकमत झाल्यावर ६ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण निकाली काढले. आता प्रत्यक्ष वीज पोहोचवण्याचे सौदे केंद्रीय विद्युत आयोगाकडे आणि आर्थिक डेरिव्हेटिव्ह्ज सेबीकडे आहेत. आयोगाच्या बाजूला राहायचे तर सौदा वीज देऊन-घेऊनच पुरा झाला पाहिजे. खरेदी-विक्री एकमेकांत वळती करता येत नाही, हक्क तिसऱ्याला देता येत नाही, फिरवाफिरवीचे सौदे चालत नाहीत. सौदा करणारा ग्रिडला जोडलेला हवा, किंवा अशा कोणासाठी काम करणारा परवानाधारक व्यापारी. तुमच्या आराखड्यात 'मुदतीआधी सौदा कापता येईल' असे एक वाक्य जरी असेल, तरी तो सेबीकडचा सौदा समजावा.

ही अट जाचक वाटत असेल त्यांनी नॅशनल स्पॉट एक्स्चेंजची २०१३ ची पडझड आठवावी. तिथे नावाला माल देण्या-घेण्याचे सौदे होते, पण आज खरेदी आणि काही दिवसांनी विक्री अशी जोडी लावून ते ठरावीक परताव्याचे कर्ज बनले होते. सुमारे ५,६०० कोटी रुपयांची देणी थकली.

सेबीचा मार्ग सविस्तर पाहू, कारण खऱ्या अर्थाने वायदे बाजार काढायचा तर तोच आहे. लागू होणारे कायदे दोन: सिक्युरिटीज काँट्रॅक्ट्स (रेग्युलेशन) ॲक्ट, १९५६ आणि स्टॉक एक्स्चेंज व क्लिअरिंग कॉर्पोरेशनसाठीचे (सौद्यांची देणी-घेणी चुकती करणाऱ्या कंपनीसाठीचे) २०१८ चे सेबी विनियम. या कायद्यांनुसार एक्स्चेंजची नेट वर्थ कायम किमान १०० कोटी रुपये हवी. यातला 'कायम' हा शब्द महत्त्वाचा आहे. नेट वर्थ काढताना भरणा झालेले समभाग भांडवल आणि मुक्त राखीव निधी धरतात. पुनर्मूल्यांकनातून आलेला निधी धरत नाहीत, तर साठलेला तोटा आणि इतर व्यवसायांतली गुंतवणूक वजा होते. म्हणजे १०० कोटी उभे करून त्यातलेच पंचवीस कोटी स्वतःच्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनमध्ये घातले, तर नेट वर्थ ७५ कोटीच राहते. पहिल्या दोन-तीन वर्षांत पगार, सर्व्हर आणि देखरेख यंत्रणेवर जे जाईल तेही या आकड्याच्या वर धरून भांडवल उभारावे. इंडियन कमोडिटी एक्स्चेंजची मान्यता सेबीने मे २०२२ मध्ये काढून घेतली, त्यामागे नेट वर्थ टिकवता न येणे हे एक कारण होते. आपल्याच सयाजीगंजातले वडोदरा स्टॉक एक्स्चेंज १९९० च्या सुमारास सुरू झाले आणि २०१५ मध्ये बाहेर पडले. प्रादेशिक बाजारांसाठी सेबीने २०१२ मध्ये धोरण आणले होते. स्वतःच्या व्यासपीठावर वर्षाला १,००० कोटींची उलाढाल नसेल तर बाहेर पडावे, असे त्यात होते.

भागभांडवलाची अट घरच्या उद्योगसमूहांना सर्वांत अवघड जाते. कोणाही एकाला ५ टक्क्यांपेक्षा जास्त हिस्सा ठेवता येत नाही. बँक, विमा कंपनी, सार्वजनिक वित्तसंस्था, डिपॉझिटरी किंवा दुसरे स्टॉक एक्स्चेंज असेल तर १५ टक्क्यांपर्यंत. 'एक' म्हणजे संगनमताने वागणारे सगळे मिळून एक, त्यामुळे तीन भावांच्या नावे प्रत्येकी ५ टक्के घेण्याचा उपाय चालत नाही. किमान ५१ टक्के हिस्सा दलाल सदस्य आणि त्यांचे सहयोगी सोडून इतरांकडे हवा. संस्था मिळाल्या नाहीत तर निदान वीस स्वतंत्र भागधारक लागतात. हे गणित जमत नसेल तर पुढचा खर्च करू नये.

प्रत्येक भागधारक आणि संचालक 'योग्य व पात्र व्यक्ती' या कसोटीला उतरावा लागतो. २०१३ च्या डिसेंबरमध्ये तेव्हाच्या वायदे बाजार आयोगाने एमसीएक्स या कमोडिटी एक्स्चेंजच्या प्रवर्तक कंपनीलाच अपात्र ठरवले होते. जुने खटले आणि नियामकांचे आदेश लपवू नयेत. प्रकरण मिटलेले असले तरी मूळ आदेशाची प्रत जोडावी. संचालक मंडळात सार्वजनिक हिताचे संचालक भागधारक संचालकांपेक्षा कमी असू नयेत, आणि दलाल सदस्याला मंडळावर जागा नाही.

सौद्यांची पूर्तता मान्यताप्राप्त क्लिअरिंग कॉर्पोरेशनमार्फतच होते. स्वतःची काढण्यापेक्षा चालू असलेल्या एकाशी करार करणे नव्या एक्स्चेंजला परवडते. सेटलमेंट गॅरंटी फंडात (कोणी देणे थकवले तर सौदे पुरे करण्याचा निधी) मात्र एक्स्चेंजला किमान २५ टक्के वाटा द्यावाच लागतो. ही रक्कम अंदाजपत्रकात अनेकदा राहून जाते.

अर्ज 'फॉर्म ए' मध्ये करायचा. सोबत मेमोरँडम, आर्टिकल्स, नियम आणि उपविधी; सीएचे यूडीआयएन (दस्तऐवजाचा ओळख क्रमांक) असलेले नेट वर्थ प्रमाणपत्र; भागधारकांची यादी आणि त्यांच्या पैशाचा स्रोत; संचालकांची शपथपत्रे; क्लिअरिंगचा करार; संगणक यंत्रणा, आपत्कालीन केंद्र आणि बाजार-देखरेख यांचा आराखडा; तक्रार निवारण आणि लवादाची व्यवस्था. कंपनी पब्लिक लिमिटेडच हवी. नोंदणी अहमदाबादच्या रजिस्ट्रारकडे होते, पण नावात 'स्टॉक एक्स्चेंज' असेल तर नियामकाच्या अटी पाळल्याचे घोषणापत्र लागते. म्हणून आधी साधे नाव घ्यावे हे बरे.

इथल्या मराठी कुटुंबांच्या कागदांत एक नेहमीची अडचण येते. शाळा सोडल्याचा दाखला गुजरातीत, पॅनवर आडनावाचे एक इंग्रजी स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरे, आणि लग्नानंतर मधले नाव बदललेले. सेबीकडे देण्याच्या प्रत्येक कागदावर नाव पॅनप्रमाणे करून घ्यावे. उरलेल्या फरकासाठी नोटरीसमोर शपथपत्र करावे आणि गुजराती कागदांची प्रमाणित इंग्रजी भाषांतरे जोडावीत.

एक्स्चेंजला मान्यता मिळाली म्हणजे सौद्याला मंजुरी मिळाली असे नाही. प्रत्येक वायद्याला वेगळी परवानगी लागते. आधारभूत भाव कोणता, तो कोण जाहीर करतो, अंतिम भावाचे सूत्र, स्थितीमर्यादा (एकाला किती सौदे उघडे ठेवता येतील), आणि जोखीम झाकण्याची गरज कोणाला, हे मांडावे लागते. एमसीएक्स आणि एनएसई या दोघांनी जुलै २०२५ मध्ये विजेचे मासिक वायदे सुरू केले. एक लॉट ५० मेगावॉट-तासांचा, म्हणजे ५०,००० युनिट. दर युनिटमागे एक रुपया हलला की एका लॉटवर ५०,००० रुपयांचा फरक. हा वायदा या दोन्ही ठिकाणी आधीच मिळत असताना तुमचा वेगळा कशासाठी, याचे ठोस उत्तर अर्जात हवे. 'गुजरातच्या उद्योगांसाठी' एवढे पुरत नाही.

विद्युत आयोगाच्या मार्गात २०२१ चे पॉवर मार्केट विनियम लागू होतात. नेट वर्थ किमान ५० कोटी, नोंदणी २५ वर्षांची. सदस्य नसलेल्या भागधारकाला २५ टक्क्यांपर्यंत, सदस्याला ५ टक्के, सगळे सदस्य मिळून ४९ टक्के. उपविधी आणि व्यवहार नियम आयोगाकडून मंजूर करून घ्यावे लागतात, हरकती आणि सुनावणी होते. घाईचे काम नाही: तिसऱ्या पॉवर एक्स्चेंजचा अर्ज २०१८ मधला, नोंदणी २०२१ मध्ये आणि सौदे २०२२ मध्ये सुरू. गॅस प्रत्यक्ष पोहोचवायचा असेल तर नियामक पीएनजीआरबी (पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ); २०२० मध्ये इंडियन गॅस एक्स्चेंज सुरू झाले तेव्हा दहेज आणि हजिरा ही तिच्या पहिल्या केंद्रांपैकी होती. पण गॅसचा रोखीने चुकता होणारा वायदा सेबीकडेच जातो. एमसीएक्सवरचा १,२५० एमएमबीटीयूचा (हे गॅस मोजण्याचे एकक) सौदा तसाच आहे, आणि त्याचा भाव अमेरिकेतल्या हेन्री हब या गॅस केंद्राच्या भावाला बांधलेला आहे.

गिफ्ट सिटी जवळ आहे म्हणून अनेकांना ती सोपी वाट वाटते. तिथला नियामक आयएफएससीए आहे, व्यवहार परकीय चलनात होतात आणि तिथले युनिट फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) दृष्टीने भारताबाहेरचे धरले जाते. मकरपुऱ्यातल्या कारखान्याला रुपयातल्या वीजदराची जोखीम झाकायची असेल, तर ते काम तिथून होत नाही.

मान्यता न देताना सेबीला आधी तुमचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. त्यानंतरही नकार आला तर अपील सॅट या रोखे अपील न्यायाधिकरणाकडे, आणि विद्युत आयोगाच्या आदेशाविरुद्ध ॲप्टेल या वीज अपील न्यायाधिकरणाकडे. दोन्हीकडे मुदत ४५ दिवस, म्हणून आदेशाची प्रत कोणत्या तारखेला हाती पडली याची नोंद त्याच दिवशी करून ठेवावी.