गाडीसाठी स्पीकर आणि अॅम्प्लिफायर निवडताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक प्रथम ‘किती वॅटचा आहे?’ असे विचारतात आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा पाहून निर्णय घेतात. हा आकडा बहुधा ‘पीक पॉवर’चा, म्हणजे क्षणभरच पेलता येणाऱ्या शक्तीचा असतो. पाहायचा तो ‘आरएमएस’चा आकडा, स्पीकर सतत किती शक्ती पेलू शकतो आणि अॅम्प्लिफायर सतत किती देऊ शकतो, हे त्यावरूनच कळते.

स्टिरिओवर ‘५० वॅट × ४’ असे लिहिलेले असले, तरी गाडीच्या सुमारे १४ व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याच्या अंगच्या अॅम्प्लिफायरमधून ४ ओहम रोधाच्या प्रत्येक स्पीकरला स्वच्छ अशी साधारण १५ ते २० वॅट शक्तीच मिळते. वेगळा अॅम्प्लिफायर घ्यायचा नसेल, तर ९० डेसिबल किंवा त्याहून अधिक सेन्सिटिव्हिटीचे (ठरावीक शक्तीवर स्पीकर किती मोठा वाजतो, त्याचे माप) स्पीकर घ्यावेत, कारण हा आकडा ३ने कमी झाला की तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट शक्ती लागते.

पैसे मर्यादित असतील, तर ते पुढच्या दारांवर खर्च करावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेथे ट्विटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) वेगळा असलेला कॉम्पोनंट संच बसवल्यास गायकाचा आवाज पायाशी न राहता समोरून ऐकू येतो. मागच्या दारांना साधे कोअॅक्शियल (ट्विटर त्यातच बसवलेले) स्पीकर पुरतात. मात्र दाराचा पातळ पत्रा थरथरत असेल आणि त्यातील भोके उघडी असतील, तर स्पीकरच्या मागून निघणारा आवाज पुढच्या आवाजाला छेद देतो व बास नाहीसा होतो, म्हणून महागड्या स्पीकरआधी डॅम्पिंग शीटचा (पत्र्याची थरथर शोषणाऱ्या थराचा) विचार करावा. काच पूर्ण खाली घेतल्यावर ती स्पीकरच्या चुंबकाला लागत नाही ना, हेही पाहावे लागते. पावसाचे पाणी काचेलगत दाराच्या आत उतरतेच, त्यामुळे आतले प्लास्टिकचे आवरण फाडून टाकणाऱ्या फिटरकडून काम करून घेऊ नये.

अॅम्प्लिफायरची आरएमएस शक्ती स्पीकरच्या जवळपास किंवा किंचित जास्त असावी. कमी शक्तीचा अॅम्प्लिफायर सुरक्षित असतो, हा समज चुकीचा आहे. तो ताणून वाजवला की आवाज फाटतो आणि पहिला बळी बहुधा ट्विटरचा जातो. ‘गेन’ म्हणजे आवाज वाढवायचे बटण नव्हे, तर स्टिरिओचा सिग्नल अॅम्प्लिफायरशी जुळवण्याची सोय आहे. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडल्यास भार २ ओहम होतो, आणि तो अॅम्प्लिफायरला चालतो का हे त्याच्या पुस्तिकेत पाहावे. अॅम्प्लिफायरचा ‘क्लास डी’ प्रकार ‘क्लास एबी’पेक्षा कमी तापतो व बॅटरीवर कमी भार टाकतो, त्यामुळे सीटखाली बसवायला तोच बरा.

वायरिंगमध्ये काटकसर करू नये. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण तेवढ्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या तारेपेक्षा तिचा रोध अधिक असतो. मुख्य तारेचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत असलाच पाहिजे. तो अॅम्प्लिफायरसाठी नसून, तार घासून पत्र्याला टेकल्यास आग लागू नये यासाठी असतो. अर्थिंगची जागा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घ्यावी.

नव्या गाडीत आम्ही मूळ तारा न कापता कपलर (मूळ जोडणीत बसणारा तयार प्लग) वापरतो. तरीही वॉरंटीच्या अटी आपल्या शोरूमकडून आधी विचारून घ्याव्यात, आणि येताना गाडीचे मॉडेल व वर्ष सांगावे.