मलम वितळत नाही, मोडतं

कोरड्या त्वचेसाठी घरच्या घरी मलम कसं करावं हे दाखवणारे व्हिडिओ सध्या ढिगाने सापडतात. मधमाश्यांचं मेण, एखादं तेल, हवं तर थोडं शिया बटर (शिया झाडाच्या बियांतून निघणारं घट्ट तेल). गरम करायचं, डबीत ओतायचं, झालं. कृती बहुतेक वेळा ठीकच असते. पण तिच्यासोबत दोन विधानं हमखास ऐकू येतात. एक, हे मलम त्वचेला ओलावा देतं. दोन, अंगाच्या उबेने मेण वितळतं आणि त्वचेत मुरतं. दोन्ही चुकीची आहेत. पहिल्या विधानातली चूक रोजच्या वापरात महत्त्वाची आहे. दुसऱ्या विधानामागचं विज्ञान मात्र मला इतकं आवडतं की हा लेख मुख्यतः त्यासाठीच आहे.

आधी ओलाव्याचं पाहू. तेल आणि मेण यांत पाणी नसतंच, मग ते देणार कुठून? त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो. बहुतेक ठिकाणी त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाएवढीच. पेशी भिंतीतल्या विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधल्या फटींत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं यांचं स्निग्ध मिश्रण भरलेलं असतं. या थरातून घाम न येताही पाणी सतत झिरपून उडत राहतं, दिवसाला साधारण ३०० ते ४०० मिलिलिटर. हा थर लवचीक राहतो तो तेलामुळे की पाण्यामुळे? अर्विन ब्लँक या संशोधकाने १९५२ साली याचं उत्तर दिलं. वाळून कडक झालेली घट्ट्याची कातडी तेलकट पदार्थांत ठेवली तरी ती कडकच राहिली. पाणी मिळाल्यावर मात्र मऊ झाली. थरातलं पाणी दहा टक्क्यांच्या खाली गेलं की तो ठिसूळ होतो, मग खवले सुटतात, भेगा पडतात.

म्हणजे मलमाचं काम पाणी देण्याचं नाही, असलेलं पाणी उडू न देण्याचं आहे. म्हणूनच ते अंघोळीनंतर अंग टिपून झाल्यावर, त्वचा दमट असतानाच लावायचं. सकाळपासून कोरड्या पडलेल्या टाचेवर दुपारी मलम चोळलं तर खरखर झाकली जाते. आतून येणारं पाणी साठून टाच मऊ व्हायला मात्र बराच वेळ लागतो.

आता वितळण्याकडे येऊ. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळतं. त्वचेच्या पृष्ठभागाचं तापमान असतं ३२-३३ अंश. तब्बल तीस अंश कमी. तरीही डबीत घट्ट बसलेलं मलम बोट फिरवताच तेलासारखं पसरतं. हे कसं?

गरम तेलात मेण पूर्ण विरघळलेलं असतं. मेणात सुमारे तीनशे वेगवेगळे पदार्थ असतात. त्यांतला मोठा वाटा लांबलचक एस्टरांचा, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून झालेल्या रेणूंचा. नमुन्यादाखल एक घेऊ: सोळा कार्बन अणूंचं पामिटिक आम्ल आणि तीस कार्बन अणूंचं अल्कोहोल जोडून झालेली शेहेचाळीस कार्बनची जवळजवळ सरळ साखळी. तेलाचे रेणू असे सरळ नसतात. त्यांना तीन फाटे असतात आणि दुहेरी बंधाच्या जागी ते वाकलेले असतात, त्यामुळे ते एकमेकांना चिकटून नीट रचले जात नाहीत. साध्या तापमानाला तेल पातळ राहतं ते यामुळेच. मिश्रण थंड होऊ लागलं की मेणाच्या सरळ साखळ्यांना तेलात राहणं जमेनासं होतं. त्या शेजारी शेजारी उभ्या राहून पातळ चकत्यांसारखे स्फटिक बनवतात. या सूक्ष्म चकत्या वाढत वाढत एकमेकींना कडेने, कोपऱ्याने भिडतात आणि डबीभर त्रिमित जाळी तयार होते. तेल तेलच राहतं, फक्त जाळीच्या बारीक पोकळ्यांत केशाकर्षणाने (कापडात पाणी धरून राहतं तसं) अडकून पडतं. गोठलेलं वाटणारं मलम खरं तर बहुतांशी द्रवच असतं! वजनाने पाच टक्के मेणसुद्धा तेलाचं वाहणं थांबवायला पुरतं.

बोटाचा दाब पडला की चकत्यांमधले हे नाजूक सांधे तुटतात. जाळी मोडते, तेल मोकळं होतं आणि मलम पसरतं. उबेने थोडा हातभार लागतो, कारण मेणातले आखूड साखळ्यांचे घटक त्या तापमानाला तेलात परत विरघळतात. पण मुख्य काम दाबाचं आणि घर्षणाचं. मोडलेल्या चकत्या नाहीशा होत नाहीत. त्या तेलाबरोबर त्वचेवर पसरतात, आणि पाण्याच्या रेणूला स्फटिक मेणातून वाट काढणं द्रव तेलापेक्षा फार अवघड असल्याने त्याला चकत्यांना वळसे घालत बाहेर यावं लागतं. नुसतं तेल लावण्यापेक्षा मेण घातलेलं मलम चांगलं काम करतं त्यामागे हे एक कारण आहे. दुसरं साधं: ते पुसलं जात नाही.

एकदा जाळी कळली की कृतीतल्या युक्त्या पाठ कराव्या लागत नाहीत. १०० ग्रॅम मलमासाठी १५ ग्रॅम मेण, २० ग्रॅम शिया बटर आणि ६५ ग्रॅम तेल घ्यावं. काचेचं भांडं गरम पाण्यात ठेवून सगळं वितळवावं, थेट आचेवर नाही. घट्टपणा पाहायला थंड चमच्यावर एक थेंब टाकायचा आणि गोठल्यावर नखाने ओरखडायचा. फार मऊ वाटला तर दोन ग्रॅम मेण वाढवायचं. ओतल्यानंतर ढवळत बसू नये, जाळी जमता जमताच मोडते.

शिया बटरचं गणित वेगळं. ते खरोखरच अंगाच्या उबेच्या आसपास वितळतं, पण सावकाश थंड झालं तर त्यातली स्टिअरिक आम्लाची मेदं मोजके पण मोठे स्फटिक बनवतात आणि मलम रवाळ होतं. उपाय: पूर्ण वितळवून डबी लगेच फ्रिजमध्ये ठेवायची. बारीक स्फटिक भराभर तयार होतात आणि पोत गुळगुळीत येतो. रवाळ झालेलं मलम बिघडलेलं नसतं, परत वितळवता येतं.

तेल कोणतं? लिनोलेइक आम्ल हे मेदाम्ल जास्त असलेलं साधं सूर्यफुलाचं तेल चांगलं. ऑलिव्ह तेलाचं कौतुक फार होतं, पण त्यात ओलेइक आम्ल भरपूर असतं आणि ते त्वचेच्या स्निग्ध थराची घडी विस्कटतं, म्हणून कोरड्या त्वचेला मी ते सुचवणार नाही.

'केमिकल-फ्री' या शब्दाचा मला मनापासून राग आहे. ज्या मेणात तीनशे रसायनं आहेत त्याच्या डबीवर तो शब्द लिहिणं म्हणजे ग्राहकाची दिशाभूल. निसर्गातून आलं म्हणून निरुपद्रवी, हेही तसंच. बर्गामॉट या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सुगंधी तेलातली फ्युरॅनोकुमॅरिन नावाची रसायनं त्वचेवर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग राहतात. भेगाळलेल्या त्वचेवर सुगंधी तेलं नकोतच. आणि पाणी अडवण्याच्या बाबतीत साधी पेट्रोलियम जेली, जिचं पेटंट रॉबर्ट चेझब्रो यांनी १८७२ साली घेतलं, आपल्या घरच्या मलमापेक्षा सरसच ठरते. तरी घरी करावं, कारण आत काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं आणि पोत हवा तसा ठरवता येतो. भेगेतून रक्त किंवा पाणी येत असेल, किंवा मधुमेह असताना पायाला भेगा पडल्या असतील, तर मात्र मलम करत न बसता डॉक्टरांकडे जावं.

या मलमात कोरफडीचा गर किंवा गुलाबपाणी घालू नये. पाणी नाही म्हणून तर त्यात जंतू वाढत नाहीत; पाणी आलं की परिरक्षक, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारा पदार्थ, लागतो. व्हिटॅमिन ई ते काम करत नाही, ते फक्त तेलाचं ऑक्सिडीकरण लांबवतं. डबीत ओलं बोट घालू नये, आणि झाकण उघडताच खवट वास आला तर ते मलम टाकून द्यावं.