कंपायलर लिहायला मशीन कोड यावाच लागतो का?

कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालवता येईल अशा कोडमध्ये उतरवणारा प्रोग्राम. तो लिहिणं म्हणजे मशीन कोड (प्रोसेसर थेट चालवतो त्या सूचना) तोंडपाठ असलेल्या मोजक्या लोकांचं काम, आणि त्यात वर्षं जातात, हा समज विद्यार्थ्यांमध्ये घट्ट बसलाय. त्याला कारणही आहे. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ साली दिलेल्या फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेच्या कंपायलरमागे सुमारे १८ मनुष्य-वर्षांचे श्रम होते. पण तेव्हा पार्सिंगच्या (लिहिलेल्या कोडची रचना ओळखण्याच्या) पद्धतीच नीट बसलेल्या नव्हत्या, शिवाय तयार होणारा कोड हाताने लिहिलेल्या कोडइतका वेगवान हवा होता. छोट्या भाषेला ही अट नसते.

खऱ्या प्रोसेसरचाच कोड काढला पाहिजे असंही नाही. निकलाउस विर्थ यांनी १९७६ मध्ये शिकवण्यासाठी मांडलेली पीएल/झिरो ही भाषा काल्पनिक स्टॅक मशीनसाठी कंपाइल होते, म्हणजे आकडे एकावर एक रचून (पुश) वरचे दोन घेऊन हिशेब करणाऱ्या यंत्रासाठी.

‘२ + ३ * ४’ घ्या. कंपायलरमध्ये बेरजेसाठी एक आणि गुणाकारासाठी एक फंक्शन लिहायचं. बेरजेचं फंक्शन आधी गुणाकाराच्या फंक्शनला बोलावतं. ते २ वाचून ‘पुश २’ लिहितं, आणि पुढे गुणाकाराचं चिन्ह नाही म्हणून परत येतं. बेरजेचं फंक्शन अधिकचं चिन्ह उचलतं, पुन्हा गुणाकाराला बोलावतं. आता ‘पुश ३, पुश ४, गुणा’ निघतं आणि शेवटी ‘मिळवा’. गुणाकार आधी करायचा हा नियम वेगळा लिहावाच लागला नाही, कोण कोणाला बोलावतं यातच तो आला. मला हे फार सुंदर वाटतं.

हा कोड चालवायला एक लूप आणि एक ॲरे पुरतो. खरी मेहनत चुकांचे संदेश नीट देण्यात आहे. कंस कुठल्या ओळीत राहिला हे सांगायचं असेल, तर प्रत्येक टोकनसोबत (कोडमधला सुटा शब्द, आकडा किंवा चिन्ह) ओळ क्रमांक पहिल्यापासूनच साठवा.