गुडघ्याच्या झिजेतील ॲक्युप्रेशर

गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे बोलीतल्या ‘गुडघे झिजण्या’त, दुख आणि ताठरपणा कमी व्हावा म्हणून सांध्याभोवतीच्या ठराविक बिंदूंवर बोटांनी दाब देण्याची पद्धत. मराठीत तिला बिंदुदाबन असेही म्हणतात. बिंदू चिनी ॲक्युपंक्चरचेच, फक्त सुईच्या जागी अंगठा. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, याने भरून येत नाही, बाक आलेला पाय सरळ होत नाही आणि ‘गुडघ्यातले वंगण परत येते’ या जाहिरातीला आधार नाही. काही जणांची दुख थोडी उतरते, मांडी-पोटरीचे आखडलेले स्नायू सैलावतात आणि तेवढ्या सवडीत चालणे व व्यायाम उरकता येतो. उपयोग एवढाच, पण रोज जिना चढणाऱ्याला तो कमी वाटत नाही.

बिंदू शोधताना पट्टी लागत नाही. माप ‘त्सुन’ या एककात घेतात. अंगठ्याच्या मधल्या सांध्याची रुंदी म्हणजे एक त्सुन आणि जुळवलेल्या चार बोटांची रुंदी म्हणजे तीन. बोटे मात्र ज्याचा गुडघा त्याचीच धरायची. धिप्पाड मुलाने आपल्या बोटांनी आईचा पाय मोजला की बिंदू हमखास चुकतो.

खुर्चीवर बसून पाऊल जमिनीला टेकवावे, गुडघा काटकोनात ठेवावा. वाटीच्या खाली, मधल्या जाड शिरेसारख्या बंधाच्या दोन्ही बाजूंना दोन खळगे दिसतात. हे ‘गुडघ्याचे डोळे’. बाहेरच्या डोळ्याचे चिनी नाव ‘दूबी’, म्हणजे वासराचे नाक. या बाहेरच्या खळग्यापासून चार बोटे खाली आणि नडगीच्या धारेपासून एक बोट बाहेर ‘झूसानली’ सापडतो. पाऊल वर उचलले की तिथला स्नायू बोटाखाली फुगतो, हीच खूण. वाटीच्या वरच्या-आतल्या कोपऱ्यापासून दोन त्सुन वर, मांडीच्या आतल्या फुगवट्यावर ‘शुएहाई’ आणि तेवढ्याच उंचीवर बाहेरच्या बाजूला ‘लियांगचिऊ’. नडगीच्या आतल्या कडेने बोट वर सरकवत नेले की हाड वळते तिथे ते अडते, तो ‘यिनलिंगछुआन’. त्याचा बाहेरचा जोडीदार ‘यांगलिंगछुआन’ पोटरीच्या बारीक हाडाच्या डोक्याच्या किंचित पुढे व खाली असतो. इथे जपावे. त्या हाडाच्या मानेला वळसा घालून एक मज्जातंतू जातो. पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या आल्या तर बोट मागे गेले आहे असे समजून पुढे सरकवावे.

दाब अंगठ्याच्या पेराच्या मऊ भागाने, नख कापून, हळूहळू वाढवत द्यावा. एका बिंदूवर एक ते दोन मिनिटे, दोन्ही गुडघे धरून सारे पंधरा-वीस मिनिटांत आटोपते. सकाळ-संध्याकाळ करता येते. बोथट, ‘हवेहवेसे’ दुखले की दाब बरोबर. श्वास रोखला जातो किंवा कपाळाला आठी पडते तेव्हा तो जास्त झालेला असतो. जोर केला की गुण जास्त, ही समजूत बहुतेक निळ्या-काळ्या डागांचे कारण. तेल लावू नये, अंगठा निसटतो. गुडघे झिजतात त्या वयात अंगठ्याचा सांधाही अनेकांचा दुखत असतो. अशांनी खोडरबर लावलेल्या पेन्सिलीचे मागचे टोक किंवा वाकवलेल्या बोटाचा सांधा वापरावा.

गुडघ्यामागच्या लवणीतही एक बिंदू आहे, ‘वेइचुंग’. तिथे मोठी रक्तवाहिनी असल्याने तो हलकेच दाबतात. घरी न दाबलेलाच बरा, आणि मागे गाठ लागत असेल तर मुळीच नाही. गुडघ्याचे ‘डोळे’ भरून सपाट झाले असतील तर सांध्यात पाणी आहे, त्या दिवशी दाब नाही. लाल, गरम गुडघा, एकाच पोटरीची सूज व दुख, ताप किंवा पडल्यानंतर पाय टेकता न येणे, यांत आधी डॉक्टर. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, शिरा फुगल्या असतील किंवा मधुमेहाने संवेदना कमी झाली असेल तर विचारूनच करावे. बाजारातल्या काटेरी चपला आणि चटया तळव्यावर दाब देतात, वरच्या बिंदूंवर नाही. बधिर तळव्यांना त्या जखम करतात आणि ती कळतही नाही.

हाँगकाँगमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या 314 जणांवर झालेली चाचणी 2024 मध्ये प्रसिद्ध झाली. स्वतः दाब देण्याचे प्रशिक्षण घेतलेल्यांची दुख बारा आठवड्यांनी, फक्त आरोग्यशिक्षण मिळालेल्यांपेक्षा, दुख मोजण्याच्या शून्य ते दहा या पट्टीवर सुमारे अर्ध्या अंकाने जास्त कमी झाली होती. फरक खरा, पण लहान. शिवाय खोट्या बिंदूंवर दाब देऊनही बरे वाटते असे इतर चाचण्यांत दिसले आहे, त्यामुळे बिंदू अर्धा बोट चुकला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या सांधेविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2019 च्या शिफारशींत व्यायाम आणि जाड व्यक्तींनी वजन घटवणे यांना ठाम पाठिंबा आहे, ॲक्युपंक्चरला सशर्त. म्हणून जाणकार दाब देऊन झाल्यावर खुर्चीतच पाय सरळ करून मांडी आवळायला लावतात: पाच सेकंद धरायचे, सोडायचे, दहा वेळा.