कॅमेरा कुणाच्या हातात? बॅले कंपन्यांच्या नृत्यलघुपटांची पार्श्वभूमी

पहाट संपत आलेली. ‘४ वर्ल्ड ट्रेड सेंटर’ या नव्याकोऱ्या इमारतीच्या ५७व्या मजल्यावरच्या गच्चीत एक नर्तक आणि एक नर्तकी. मागे हळूहळू उजळत जाणारं न्यूयॉर्क. आर्वो पेर्ट यांचं संगीत, फक्त पियानो आणि व्हायोलिन, दोन सुरांमध्ये श्वास घ्यायला जागा ठेवणारं. न्यूयॉर्क सिटी बॅले या कंपनीने हा काही मिनिटांचा लघुपट १२ सप्टेंबर २०१३ रोजी, म्हणजे ट्विन टॉवर्सच्या स्मृतिदिनाच्या दुसऱ्या दिवशी, लोकांसमोर ठेवला आणि नाव दिलं ‘न्यू बिगिनिंग्ज’. नाचणारे होते मारिया कोवरोस्की आणि आस्क ला कूर. ते नाचत होते ती नृत्यरचनाकार क्रिस्टोफर व्हीलडन यांची ‘आफ्टर द रेन’ ही रचना २००५ सालीच रंगमंचावर आली होती. गच्चीवर तिला आभाळ मिळालं.

आज बहुतेक मोठ्या बॅले कंपन्या असे छोटे चित्रपट स्वतः करतात. स्वतःचे कॅमेरे, स्वतःचे संकलक, स्वतःचा विभाग. पण इथवर यायला या कलेला शंभरहून अधिक वर्षं लागली आणि त्यातला बराच काळ कॅमेरा परक्याच्याच हातात होता.

सिनेमाला नाचाची ओढ जन्मापासूनची. एडिसन आणि ल्युमिएर या दोघांच्याही सुरुवातीच्या फितींमध्ये ‘सर्पेंटाइन डान्स’ सापडतो: घेरदार रेशमी कापडाच्या लाटा उसळवणारी नर्तकी, आणि काही प्रतींवर एकेका चौकटीला हाताने दिलेला रंग. याच ल्युमिएरांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतं. मात्र त्या फिती म्हणजे जत्रेतल्या नवलाईचा माल होता. बॅलेची मातब्बर घराणी त्यापासून लांबच होती.

त्या घराण्यांतला एक माणूस मात्र कॅमेऱ्याच्या प्रेमात पडला. अलेक्झांडर शिर्यायेव. सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरचा नर्तक, थोर नृत्यरचनाकार पेतिपा यांचा सहायक. १८९२ साली ‘नटक्रॅकर’ या बॅलेचा पहिला प्रयोग झाला तेव्हा त्यात त्याचं कडं घेऊन केलेलं नृत्य होतं. न्यूयॉर्क सिटी बॅलेच्या ‘नटक्रॅकर’मध्ये आजही दर डिसेंबरला नर्तक कड्यातून उड्या मारतो, ती परंपरा तिथून आलेली. शिर्यायेवने १७.५ मिमी रुंदीच्या फितीचा एक छोटा कॅमेरा मिळवला आणि थिएटरच्या व्यवस्थापनाकडे नर्तकांचं चित्रीकरण करायची परवानगी मागितली. ती नाकारली गेली.

मग त्याने घरी जे केलं ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. तारेच्या सांगाड्यावर वीतभर उंचीच्या बाहुल्या केल्या, छोटासा रंगमंच मांडला आणि एकेक हालचाल चौकटीचौकटीने टिपत त्यांना बॅले नाचायला लावलं. साधारण १९०६ ते १९०९ या काळातलं हे काम. बाहुली हवेत झेपावते, गिरकी घेते, जमिनीवर येताना गुडघ्यात किंचित लवते. हे ‘लवणं’ फक्त नर्तकालाच सुचतं. उडी संपते कुठे हे त्याच्या अंगाला माहीत असतं. शिवाय कागदी पट्ट्यांवर त्याने नृत्याची एकेक अवस्था रेखाटून ठेवली, स्वतःला आणि नर्तकी असलेल्या पत्नीला घेऊन फितीही केल्या. हे सारं जवळपास विस्मृतीत गेलं होतं. १९९०च्या दशकात संशोधक व्हिक्टर बोचारोव यांच्या हाती ते लागलं आणि २००३ साली त्यांच्या माहितीपटातून जगासमोर आलं. माझ्या लेखी बॅलेच्या लघुपटांचा इतिहास या नकारापासून आणि या बाहुल्यांपासून सुरू होतो.

कॅमेऱ्याला नकार देणारं व्यवस्थापन एकटं नव्हतं. ‘बॅले रूस’ ही रशियन नर्तकांची गाजलेली कंपनी चालवणारे द्यागिलेव यांनाही चित्रीकरण नको असे. त्याची किंमत आपण मोजतो आहोत: त्यांचा सर्वांत नावाजलेला नर्तक निजिन्स्की नाचताना कसा दिसे, हे दाखवणारी एकही फीत नाही. १९२८ साली स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथे एका उत्सवात या कंपनीची जेमतेम अर्ध्या मिनिटाची झलक टिपली गेली होती. ती २०११ साली एका वृत्तपट-संग्रहात ओळखू आली तेव्हा अभ्यासकांना घबाड सापडल्यासारखं झालं.

पुढे कंपन्या कॅमेऱ्यासमोर आल्या, पण दुसऱ्याच्या अटींवर. १९४१ साली वॉर्नर ब्रदर्सने ‘बॅले रूस द माँते कार्लो’ या नंतरच्या, वेगळ्या कंपनीला घेऊन सुमारे वीस-वीस मिनिटांचे दोन रंगीत लघुपट केले, ‘द गे पॅरिसियन’ आणि ‘स्पॅनिश फिएस्टा’. रचना मास्सीन यांच्या, दिग्दर्शन जाँ नेगुलेस्को यांचं. पहिल्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. पण रंगमंचावर ज्या भूमिकेने अलेक्झांड्रा डॅनिलोव्हाने प्रेक्षक जिंकले होते, तीच भूमिका पडद्यावर मिलाडा म्लाडोव्हाला दिली गेली. डॅनिलोव्हाचा चेहरा स्टुडिओला पडद्याजोगा वाटला नाही. कंपनीची मुख्य नर्तकी, तिच्या अंगात मुरलेली भूमिका, आणि निर्णय चेहऱ्यावरून! हे वाचताना मला आजही राग येतो.

पण यातच दुखणं नेमकं दिसतं. सिनेमाची नजर चेहऱ्याकडे जाते, नाच पायांत असतो. हॉलिवूडचा नर्तक-नट फ्रेड अस्टेअर आग्रह धरायचा की नाचताना डोक्यापासून पायापर्यंत सगळा देह चौकटीत हवा, तो उगाच नाही. लावणी पडद्यावर पाहताना घुंगरांचा ठेका कानावर येतो आणि नेमक्या त्या क्षणी कॅमेरा डोळ्यांवर स्थिरावतो, तेव्हा आपलीही हीच चुटपुट असते.

याला वेगळं उत्तर कॅनडातून आलं. नॅशनल फिल्म बोर्डचे नॉर्मन मॅक्लॅरेन यांनी १९६८ साली ‘पा द दू’ (म्हणजे दोघांचं नृत्य) हा लघुपट केला. मॉन्ट्रियलच्या ‘ले ग्राँ बॅले कॅनेडियन’ कंपनीचे मार्गारेट मर्सिये आणि व्हिन्सेंट वॉरन हे दोघं, पांढरे कपडे, काळीभोर पार्श्वभूमी आणि बाजूने-मागून पडणारा प्रकाश. त्यामुळे देहाची फक्त कडा उजळते. नंतर ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे एका फितीवरची चित्रं दुसरीवर छापणाऱ्या यंत्रावर, तीच हालचाल थोड्या थोड्या अंतराने त्याच फितीवर पुन्हा छापायची, कधी कधी अकरा वेळा. नर्तकी हात उचलते आणि मागे हातांचा पंखा उमलतो. ती थांबते तेव्हा मागून येणाऱ्या तिच्याच प्रतिमा एकेक करून तिच्यात मिसळतात. हे रंगमंचावर कधीच दिसू शकत नाही, आणि तरी यातलं प्रत्येक पाऊल खरं आहे. सुमारे तेरा मिनिटांच्या या चित्रपटानंतर बॅलेच्या लघुपटाला ‘प्रयोगाची नक्कल’ म्हणता येईना.

दूरचित्रवाणीचं युग आलं तसे न्यूयॉर्क सिटी बॅलेचे नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शीन १९७७च्या सुमारास नॅशव्हिलच्या स्टुडिओत ‘डान्स इन अमेरिका’ मालिकेसाठी उभे राहिले. आपल्याच रचनांमध्ये त्यांनी कॅमेऱ्यासाठी बदल केले.

खरी कलाटणी मात्र त्याच कंपनीच्या दोन नर्तकांनी दिली. एलन बार आणि शॉन सुओझी यांना जेरोम रॉबिन्स यांची १९५८ सालची ‘न्यूयॉर्क एक्स्पोर्ट: ओपस जॅझ’ ही रचना पडद्यावर आणायची होती. साध्या कॅनव्हासच्या बुटांतली, शहरी तरुणांची ही बॅले. रंगमंचावर मागे रंगवलेले पडदे असत. यांनी ते काढून खरं शहरच मागे ठेवायचं ठरवलं. पैसे उभे करण्यासाठी २००७ साली आधी एकच तुकडा चित्रित केला. जागा होती ‘हाय लाइन’, तेव्हा बंद पडलेला, रुळांमध्ये रानगवत माजलेला उन्नत लोहमार्ग. त्या गवतात दोघं नाचतात आणि शहर खाली कुठेतरी गुणगुणत राहतं. पूर्ण चित्रपट २०१० साली दूरचित्रवाणीवर आला. पुढे बार कंपनीच्या माध्यम-प्रकल्पांच्या प्रमुख झाल्या. शिर्यायेवला घराबाहेर मिळाली नाही ती मुभा इथे एका नर्तकीकडे अधिकार म्हणून आली. गच्चीवरचा लघुपट त्यानंतरचा.

पॅरिस ऑपेराने २०१५ साली अशा लघुपटांसाठी ‘त्रॉइझिएम सेन’, म्हणजे तिसरा रंगमंच, सुरू केला. आणि मार्च २०२० मध्ये सगळीच नाट्यगृहं बंद झाली. जे हौसेचं होतं ते पोटापाण्याचं झालं. लंडनच्या इंग्लिश नॅशनल बॅलेने पाच नव्या रचना थेट पडद्यासाठीच केल्या. न्यूयॉर्क सिटी बॅलेचे नर्तक लिंकन सेंटर या आपल्या कलासंकुलाच्या आवारात उतरले. जमार रॉबर्ट्स यांच्या रचनेत तर एक तरुण तिथल्या उथळ हौदाच्या पाण्यात नाचतो आणि प्रत्येक लाथेसरशी उडणारं पाणीच त्याचा ताल धरतं.

मे २०२१ मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅलेने चित्रपट-दिग्दर्शिका सोफिया कोपोलाकडून एक लघुपट करून घेतला. बराचसा कृष्णधवल. रिकामी तालीमखोली, रिकामी दालनं. मग रिकाम्या प्रेक्षागृहासमोर अँथनी हक्सली एकटा, संगीतकार बार्बर यांच्या ‘अडाजिओ’ या संथ रचनेवर. जस्टिन पेक यांची ही नवी रचना. शेवटी मोझार्टच्या सुरांबरोबर रंगमंच रंगांत न्हाऊन निघतो, नर्तकांची रांग पुढे येते. समोर कुणीच नसतं. त्याच नाट्यगृहात प्रेक्षक परतले ते २१ सप्टेंबर २०२१ रोजी.