सगळे म्हणतात "होऽऽ"

"समजलं का?" असं बाईंनी विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणतो. त्या 'हो'मध्ये कितीजणांना खरंच समजलंय, ते कळायला मार्ग नसतो. धडा घडाघडा वाचणारं मूलसुद्धा गोष्टीतली आजी का रुसली, हे सांगताना अडखळतं. अक्षरं वाचता येणं वेगळं आणि अर्थ लागणं वेगळं.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रॉबर्ट स्लॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी तिसरी-चौथीच्या मुलांसाठी यावर एक पद्धत बांधली. तिच्या चाचण्यांचे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोघादोघांनी गोष्ट आळीपाळीने मोठ्याने वाचायची. अर्ध्यावर थांबून पुढे काय होईल याचा अंदाज करायचा, शेवटी आपल्या शब्दांत गोष्ट जोडीदाराला सांगायची. मग परीक्षा मात्र ज्याची त्याने द्यायची, आणि गटाचे गुण सगळ्यांच्या गुणांवरून ठरायचे. नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या वर्गांपेक्षा या वर्गांचं आकलन सरस ठरलं.

मला यातली शेवटची अट सगळ्यात मोलाची वाटते. आपल्याकडे गटकार्य म्हटलं की बाकं जोडली जातात, एक हुशार मुलगी सगळं लिहून काढते आणि बाकीचे तिच्या वहीत डोकावतात. अशा गटात मुलं एकत्र बसतात, एवढंच. प्रत्येकाला स्वतः उत्तर द्यायचं असेल, तर मागे राहिलेल्या मित्राला समजावणं ही सगळ्यांचीच गरज होते. स्लॅव्हिन यांच्या दुसऱ्या एका पद्धतीत तर मुलाची तुलना त्याच्याच आधीच्या गुणांशी होते. चारवरून सहावर आलेलं पोरही गटाला गुण मिळवून देतं, आणि मग त्याला वाचावंसं वाटतं. वर्गात कायम शेवटी राहणाऱ्या मुलाला याहून मोठी उमेद दुसरी कुठली?

समजावणाऱ्याचंही नुकसान होत नाही. शिक्षणाच्या अभ्यासक नोरीन वेब यांच्या अभ्यासांत कारणांसह समजावून सांगणारी मुलं स्वतः जास्त शिकलेली दिसली. नुसतं तयार उत्तर मिळालेल्यांच्या पदरात मात्र फारसं काही पडलं नाही.

म्हणून मुलांना आधी मदत कशी करायची तेच शिकवावं लागतं. जोडीदार अडला की उत्तर सांगून टाकायचं नाही. "कुठल्या ओळीत आहे, बघ बरं," एवढंच म्हणायचं आणि त्याचं बोट त्या ओळीवर पोचेपर्यंत थांबायचं.