एकाच जनुकाची तीन नावे: पेशीभित्तिकेच्या आनुवंशिक अभ्यासाची पार्श्वभूमी

वनस्पतींच्या पेशीभित्तिकेचा अभ्यास बराच काळ रसायनशास्त्राच्या हाती होता. भित्तिकेतील शर्करा मोजता येत, पण भित्तिका बांधणारी यंत्रणा काही गवसत नव्हती, कारण सेल्युलोज घडवणारे विकर (एन्झाइम) पेशीच्या पटलापासून अलग करताच सहसा निष्क्रिय होई. ही कोंडी उत्परिवर्ती, म्हणजे एखाद्या जनुकात बदल झालेल्या, रोपांनी फोडली. १९९३ साली अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीची फ्यूकोज ही शर्करा जवळजवळ नसलेली रोपे सापडली. पुढे ५,२०० रोपांच्या चाळणीतून भित्तिकेतील शर्करांचे प्रमाण बदलणारी ११ जनुकस्थाने हाती लागली. १९९६ मध्ये कापसाच्या तंतूंत जिवाणूंच्या सेल्युलोज-जनुकांशी साम्य असलेली जनुके आढळली, आणि १९९८ मध्ये ३१ अंश सेल्सिअसला मुळे फुगणाऱ्या एका उत्परिवर्ती रोपातून त्यांच्या कार्याचा पुरावा मिळाला.

नावांचा खरा गुंता यानंतर सुरू झाला. आज 'सेसा-३' ('सेसा' म्हणजे सेल्युलोज घडवणाऱ्या विकराच्या जनुकांचे कुल) म्हणून ओळखले जाणारे जनुक तीन वेगळ्या वाटांनी सापडले. आयसॉक्साबेन हे तणनाशक पचवणारी रोपे शोधणाऱ्यांनी त्याला 'आयएक्सआर-१' म्हटले. नको त्या पेशींत लिग्निन हे भित्तिका कठीण करणारे द्रव्य साचलेले पाहणाऱ्यांनी 'ईएलआय-१'. आणि जखम झालेली नसतानाही बचावाची जनुके सतत जागी ठेवणारे रोप ज्यांना मिळाले, त्यांनी 'सीईव्ही-१'. पुढे जनुकांच्या डीएनए क्रमरचनेवर आधारलेले 'सेसा' हे एकच कुलनाव सर्वांना लागू झाले, हे सोयीचे होते यात शंका नाही. तरीही जुनी नावे केवळ अडगळ मानणे चुकीचे आहे, असे ठामपणे म्हणावेसे वाटते. सेल्युलोज कमी पडले की पेशी ते ओळखते, लिग्निन साठवते आणि बचावाचे संकेत धाडते, ही मोठी गोष्ट त्या तीन नावांतच नोंदलेली होती. 'सेसा-३' या क्रमांकातून ती कळत नाही.

क्रमांकही फारसे बोलके नाहीत. कुलातील १० जनुकांपैकी १, ३ आणि ६ प्राथमिक (वाढत्या पेशीच्या) भित्तिकेसाठी, तर ४, ७ आणि ८ द्वितीयक (वाढ थांबल्यावर बनणाऱ्या जाड) भित्तिकेसाठी लागतात. शर्करेच्या जुन्या चाळणीतील दहावे जनुकस्थान आणि ज्याच्या बिघाडाने जलवाहिन्या आत पिचकतात ते जनुक, ही दोन्ही 'सेसा-७'च निघाली.

सेसा प्रथिनांचे, भित्तिका विणणारे संकुल सहा पाकळ्यांचे असते आणि ते एका वेळी सेल्युलोजच्या ३६ साखळ्या काढते, असे पूर्वी धरले जाई. २०२० मध्ये पॉप्लर वृक्षाच्या 'सेसा-८'ची त्रिघटकी रचना उलगडल्यावर १८ (सहा पाकळ्या, प्रत्येकीत तीन घटक) हा आकडा बळकट झाला. मात्र प्रत्येक पाकळीत सेसाच्या तिन्ही प्रकारांचा (उदा. १, ३ आणि ६) एकेक घटक असतो की एकाच प्रकाराचे तिन्ही, हा वाद अजून मिटलेला नाही.